त्र्यंबकजी डेंगळे : दोष कोणाच्या खातीं?

पेशवाई कोणीं बुडविली हा प्रश्न निघाला, कीं आमच्या पुणें शहरांत उत्तरें ठरलेलीं असतात. एक म्हणतो दुसऱ्या बाजीरावानें, दुसरा म्हणतो बाळाजीपंत नातूनें, आणि तिसरा, तो बहुधा वयानें वडील असतो, हळूच त्र्यंबकजी डेंगळ्याचें नांव घेतो. हें तिसरें नांव घेतांना चेहऱ्यावर जी एक सूक्ष्म तुच्छता उमटते ती आमच्या पाहण्यांत अनेकदां आलेली आहे. जासूद पेशव्यांचा कारभारी झाला, मग राज्य राहणार कसें, असा तिचा भावार्थ. आज ह्या इसमाचें चरित्र वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास निर्दोष ठरविण्याची आम्हांस हौस नाहीं. गंगाधरशास्त्र्याच्या रक्ताचा डाग त्याच्या नांवावरून पुसून काढण्याजोगा पुरावा आजवर कोणी पुढें आणिलेला नाहीं. परंतु वहींतील सगळी रकम एकाच असामीच्या नांवें टाकून बाकीच्यांचीं खातीं कोरीं ठेवण्याची जी पद्धत, तिच्याशीं आमचें भांडण आहे. आणि पेठेंत वावरणाऱ्या वाचकांस तें भांडण समजावून देण्यास फार शब्द लागणार नाहींत.

त्र्यंबकजी हा निमगांव जाळीचा. हा गांव संगमनेर तालुक्यांत मोडतो. पेशव्यांच्या पदरीं त्याची चाकरी जासुदाची होती. पत्रें पोंचवावीं, बातमी आणावी, प्रसंग पडल्यास वेष पालटून शत्रूच्या गोटांत शिरावें, हें जासुदाचें काम. ह्या कामांत पाय चालावे लागतात, डोळे उघडे ठेवावे लागतात व तोंड बंद ठेवावें लागतें. हे तिन्ही गुण त्र्यंबकजीच्या अंगीं पुरेपूर होते. अशा कामास कोणी हलकें म्हणेल तर म्हणो. ज्या काळीं सरदारांच्या फौजा वेळेवर येत नसत त्या काळीं जासूद वेळेवर येई, एवढें आम्ही म्हणतों.

त्याचें दैव उघडलें तें १८०२ सालीं. आदल्या वर्षीं, १८०१ च्या एप्रिलांत, बाजीरावानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं देऊन मारविलें होतें. त्याचा सूड म्हणून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरच्या मैदानांत शिंदे व पेशवे यांच्या एकवट फौजेचा त्यानें मोड केला. पेशवे पळाले, ते सिंहगडावरून घाट उतरून महाडाकडे गेले. ह्या पळापळींत त्र्यंबकजीनें पुण्याचें एक पत्र महाडास आणिलें आणि त्याचें उत्तर इतक्या थोड्या अवकाशांत परत नेऊन पोंचविलें, कीं बाजीरावाची नजर त्याच्यावर बसली, असें ग्रँट डफ सांगतो. राजधानी शत्रूच्या हातीं, सरदारांचा भरंवसा नाहीं, आणि अशा वेळीं एक साधा शिपाई दऱ्या ओलांडून येतो नि जातो. धन्यास त्याची किंमत वाटली यांत नवल नाहीं. पुढें जें झालें तें मात्र विचार करण्याजोगें आहे.

बाजीरावाचा स्वभाव कसा घडला हें पाहिल्यावांचून त्र्यंबकजीची बढती उमगणार नाहीं. राघोबादादांचा हा मुलगा. त्याचें तरुणपण नाना फडणिसाच्या नजरकैदेंत गेलें. गादी मिळाली ती शिंद्यांच्या मेहेरबानीनें, आणि त्या मेहेरबानीची किंमत पुणेकरांनीं दिली. १७९८ सालीं शिंद्यांच्या फौजेचा पगार भागविण्यासाठीं सर्जेराव घाटग्यानें ह्याच शहरांतील सावकारांस व कारभाऱ्यांस धरून, त्यांचे हाल करून पैसा काढला, आणि श्रीमंत वाड्यांत बसून राहिले. १८०० च्या मार्चांत नाना वारला. तेव्हांपासून ज्याच्यापाशीं स्वतःची दौलत, फौज किंवा लौकिक आहे अशा प्रत्येक माणसाची बाजीरावास भीति वाटूं लागली. मातबर मनुष्य आपल्या विरुद्ध जाऊं शकतो. ज्यास आपल्यावांचून दुसरा आधार नाहीं तो जाणार कोठें? बाजीरावानें त्र्यंबकजीस जवळ केलें तें ह्या हिशेबानें केलें असें आमचें मत आहे. चाकराची कर्तबगारी त्यास हवी होती, पण त्याहून चाकराचें एकटेपण त्यास अधिक हवें होतें.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस तह झाला व पुढच्या मे महिन्यांत इंग्रजांनीं बाजीरावास पुन्हां पुण्याच्या गादीवर बसविलें. बाहेरच्या शत्रूची धास्ती इंग्रज पलटणींनीं आपल्याकडे घेतली. मग श्रीमंतांस करण्यासारखें काय उरलें? देवदर्शनें, यात्रा, दक्षिणा, वाडे बांधणें, आणि पैसा साठविणें. विश्रामबाग वाडा अजूनही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. त्याच्या लांकडी खांबांवरील कोरीव काम पाहून लोक खुष होतात. तें काम ज्या पैशांतून झालें तो पैसा कसा येत होता, हें कोणी विचारीत नाहीं.

तो इजाऱ्यानें येत होता. मामलत, म्हणजे एखाद्या परगण्याची वसुली, बहुधा एकेका सालापुरती, जो जास्त रकम कबूल करील त्यास द्यावयाची. इजारदार परगण्यांत उतरे तो पुढल्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं ह्या शंकेनेंच. त्यास विहीर बांधण्याची किंवा पडीक जमीन लागवडीस आणण्याची गरज काय? एका वर्षांत कबूल केलेली रकम, त्यावर दरबारचा खर्च, त्यावर आपला नफा, एवढें काढून मोकळें व्हावयाचें. कित्येकदां तो मामलत दुसऱ्यास पोटइजाऱ्यानें देई, आणि त्याचाही नफा रयतेच्याच डोक्यावर बसे. परगण्यांतील न्यायाचें कामही मामलतदाराकडेच असल्यामुळें ज्यानें लुबाडिलें त्याच्याचपाशीं फिर्याद करण्याची पाळी येई. एल्फिन्स्टनानें १८१९ च्या आपल्या अहवालांत ह्या पद्धतीचें वर्णन केलें आहे. तो राज्य जिंकणारा असल्यामुळें त्याचें म्हणणें थोडें कमी करून घ्यावें असें कोणास वाटेल. पण इजाऱ्याची पद्धत होती याविषयीं वाद नाहीं.

ह्या बाजारांत पुढें मोठी असामी झाली ती त्र्यंबकजीची. परंतु बोली एकट्यानें होत नाहीं. दुसरा बोलणारा लागतो, रकम उसनवार देणारा सावकार लागतो, हवाला घेणारा लागतो, हिशेब लिहिणारा लागतो. ही सारी मंडळी ह्याच शहरच्या पेठांतून राहत होती, आणि तींत जासुदाच्या कुळांतली किती होती हें आम्हीं सांगावयास नको. वसुलीचा पैसा घेतांना कोणी कोणाचें कूळ पाहिलें नाहीं. कूळ आठवलें तें १८१८ नंतर.

कारभारांत चढण्यासाठीं त्र्यंबकजीस जी शिडी ओलांडावी लागली तिची वरची पायरी म्हणजे खुश्रूशेट मोदी. हा पारशी गृहस्थ आरंभीं इंग्रज रेसिडेंटाच्या पदरचा; दरबार व रेसिडेंट यांच्यामधील बोलणें तो चालवी, आणि पुढें पेशव्यांनीं त्यास कर्नाटकाची सरसुभेदारी दिली. पुण्यांतील मोदी गणपतीस ज्याच्या बागेवरून नांव पडलें तो हाच. एकाच मनुष्यानें दोन धनी धरावे हें एल्फिन्स्टनास पटलें नाहीं. त्यानें मोदीस एक काय तें निवड म्हणून सांगितलें. इकडे त्र्यंबकजीचा डाव त्याच्यावर चाललाच होता. सरसुभेदारी त्र्यंबकजीकडे गेली आणि १८१५ च्या आरंभीं मोदी विषानें मेला. विष त्यानें घेतलें कीं त्यास घातलें हें तेव्हां ठरलें नाहीं, आणि पुढेंही कोणीं ठरविलें नाहीं. ज्या दरबारांत मनुष्य कसा मेला याची चौकशी करण्याची चाल नसते तेथें दुसरा मरण्यास फार दिवस लागत नाहींत.

आतां गंगाधरशास्त्री पटवर्धनाची गोष्ट. गुजराथेंतील अहमदाबादेचा पेशव्यांचा हिस्सा १८०४ सालीं गायकवाडांस दहा वर्षांच्या इजाऱ्यानें दिला होता. दरसाल साडेचार लाख रुपये ठरले होते. १८१४ सालीं मुदत सरली, आणि बाजीरावानें इजारा गायकवाडांस पुन्हां न देतां तो सुभा त्र्यंबकजीस दिला. त्याखेरीज पेशव्यांचें जुनें येणें मोठें होतें. हा सारा हिशेब मिटविण्यासाठीं बडोद्याहून गंगाधरशास्त्री पुण्यास आला, तो इंग्रजांची हमी घेऊन. शास्त्री पूर्वीं पुण्यासच फडक्यांकडे चाकरीस होता; बडोद्यास जाऊन इंग्रजांच्या आश्रयानें वाढला होता. पुण्याच्या दरबारी मंडळीस त्याचा डौल सहन होईना. आरंभीं बोलणें अडलें. मग बाजीरावानें व त्र्यंबकजीनें रीत पालटून त्याची मनधरणी सुरू केली. शास्त्र्याच्या मुलास श्रीमंतांची मेहुणी देण्याचें ठरलें आणि नाशिकास लग्नाची तयारी झाली. शास्त्र्यानें दाव्यांच्या बदल्यांत सात लाखांचा मुलूख देण्याची तडजोड सुचविली. ती बडोद्यास मान्य होईना. तेव्हां त्यानें लग्नाची बोलणी मोडली, आणि आपल्या बायकोसही श्रीमंतांच्या वाड्यांत जाण्यापासून मागें ओढलें. त्या वाड्याचा लौकिक जाणणाऱ्यास ह्याचें कारण सांगावयास नको. बाजीरावास हा अपमान झोंबला.

१८१५ च्या आषाढींत बाजीराव पंढरपुरास गेला व शास्त्र्यास बरोबर नेलें. शास्त्र्याच्या अंगांत ताप होता. दर्शनास या म्हणून त्र्यंबकजीचीं बोलावणीं एकामागून एक आलीं. अखेर तो निघाला. विठोबाचें दर्शन झालें, त्र्यंबकजीशीं दोन शब्द बोलणें झालें, आणि बिऱ्हाडीं परततांना मागून मारेकऱ्यांनीं त्यास गांठून तोडिलें. आषाढीच्या यात्रेंत, देवळाच्या वाटेवर, एका वकिलाचा खून! वकिलास हात लावूं नये हा नियम आपल्याकडे जुना आहे. तो मोडला गेला तें स्थळ आठवलें कीं आजही मन शरमतें.

खून कोणीं करविला? त्र्यंबकजीनें, असा सर्व बाजूंनीं बोभाटा झाला, आणि एल्फिन्स्टनानें जमविलेला पुरावाही तसाच होता. बडोद्याच्या राजकारणांत शास्त्र्याचा प्रतिस्पर्धी सीताराम होता. त्याच्या मंडळीचाही ह्या कामांत हात असल्याचा संशय होता. आणि श्रीमंत? त्र्यंबकजीविषयीं असें नमूद आहे कीं, धन्यानें सांगितल्यास आपण गायसुद्धां मारूं, असें तो खुद्द एल्फिन्स्टनापाशीं बोलला होता. ज्या चाकराचा हा बाणा, त्यानें धन्याच्या इच्छेवांचून धन्याच्या पाहुण्यास मारिलें असेल हें आम्हांस खरें वाटत नाहीं. इच्छा शब्दांनीं सांगितली कीं नुसत्या नजरेनें, एवढाच प्रश्न उरतो.

येथें इंग्रजांच्या धोरणाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. एल्फिन्स्टन त्या वेळीं वेरूळचीं लेणीं पाहण्यास गेला होता. तेथून त्यानें जी मागणी केली तींत धनी व चाकर यांची फारकत करून टाकली: गुन्हा त्र्यंबकजीचा, श्रीमंतांकडे त्याचा विटाळ नाहीं, फक्त त्र्यंबकजीस आमच्या हवालीं करावें. ही युक्ति होती हें उघड आहे. पेशव्यास खुनी म्हणावें तर त्याच घटकेस लढाई; चाकरास म्हणावें तर काम बिनलढाईचें. बाजीरावास ही पळवाट लगेच दिसली. त्यानें प्रथम त्र्यंबकजीस वसंतगडावर कैदेंत ठेवल्याचें दाखविलें, टाळाटाळ केली, आणि इंग्रज फौज हलूं लागतांच सप्टेंबर १८१५ मध्यें त्यास इंग्रजांच्या हातीं दिलें. ह्या सगळ्यांत एक गोष्ट कोणींच केली नाहीं. कोणत्याही न्यायासनापुढें हा खटला उभा राहिला नाहीं. साक्षी उघडपणें झाल्या नाहींत, उलटतपासणी झाली नाहीं, आरोपीचा जबाब लोकांनीं ऐकिला नाहीं. दोनशें वर्षांनंतर आम्ही आजही तर्क करीत बसलों आहों त्याचें कारण हें. खटला झाला असता तर कदाचित् त्र्यंबकजी फांसावर गेला असता; पण त्याच्याबरोबर आणखी कोणाकोणाचीं नांवें निघालीं असतीं, आणि तीं निघूं नयेत याविषयीं दोन्ही दरबार एकमत होते.

त्र्यंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते; एतद्देशीय शिपाई फितेल ही भीति. पण गोऱ्यांस मराठी येत नव्हतें. किल्ल्यांतील एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीस राहिला. कैद्याच्या खिडकीखालीं घोड्यास खरारा करतां करतां तो गाणें म्हणे. पहारेकऱ्यास वाटे मोतद्दार गात आहे, आणि आंत त्र्यंबकजीस घोडे कोठें उभे आहेत व माणसें कोठें आहेत हें कळे. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्रीं तो भिंतीस पाडलेल्या भोंकांतून निसटून, तट उतरून खाडीपार झाला. बिशप हेबरानें ही गोष्ट आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविली आहे. लहानपणीं आम्हीं ती ऐकिली तेव्हां फार आवडली होती. आजही आवडते, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

सुटल्यावर तो संगमनेर, नाशिक व खानदेशच्या डोंगरांत फिरला, पुढें शंभु महादेवाच्या बाजूस गेला. भिल्ल, रामोशी, मांग असे ज्यांस कोणी जवळ करीत नसे ते लोक त्याच्याभोंवतीं जमले. बाजीराव रेसिडेंटास सांगे कीं त्याचा ठावठिकाणा आपणांस ठाऊक नाहीं. पारिपत्यास पाठविलेली फौज परत येऊन सांगे कीं तेथें बंडवाला कोणीच नाहीं. पैसा मात्र पुण्याहून डोंगरांत पोंचत असे, असा इंग्रजांचा आरोप होता. मे १८१७ मध्यें एल्फिन्स्टनानें पुणें शहरास फौजेचा वेढा दिला आणि एक महिन्याचे आंत त्र्यंबकजी द्यावा, तोंपर्यंत सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून ठेवावे, असें मागितलें. बाजीरावानें गड दिले आणि आपल्या लाडक्या कारभाऱ्याच्या डोक्यावर बक्षीस लावून जाहीरनामा काढिला.

१३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत ह्या सगळ्याचा हिशेब झाला. शास्त्र्याचा खुनी त्र्यंबकजी हें पेशव्यांनीं लिहून दिलें. मराठी राज्यांच्या मंडळावरील पुढारीपण सोडलें. फौजखर्चासाठीं ३४ लाखांचा मुलूख गेला, गायकवाडांवरील जुने दावे वर्षास ४ लाखांवर मिटले, आणि अहमदाबादेचा इजारा त्याच साडेचार लाखांस गायकवाडांकडे कायमचा गेला. ज्या इजाऱ्यासाठीं हा सगळा खटाटोप तो इजारा पहिल्याच रकमेवर, पहिल्याच कुळाकडे परत! मधल्या तीन वर्षांत एक मोदी, एक शास्त्री व एक राज्य खर्ची पडलें.

पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई झाली, बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. बाजीराव पळत सुटला, आणि जुन्नराकडे असतां त्र्यंबकजी आपलीं माणसें घेऊन त्यास येऊन मिळाला. आम्हांस त्याच्या सबंध चरित्रांत ही गोष्ट विशेष वाटते. ज्यानें आपणांस पकडून दिलें, आपल्या डोक्याची किंमत लाविली, त्याच्याकडे हा मनुष्य त्याच्या पडत्या काळांत परत गेला. त्या वेळीं कित्येक खानदानी सरदार एल्फिन्स्टनाशीं आपापल्या जहागिरीचें बोलणें लावण्याच्या विचारांत होते. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवच्या लढाईंत त्र्यंबकजी हल्ल्याच्या तोंडाशीं होता. श्रीमंत नदीपलीकडून पाहत होते. फेब्रुवारींत अष्टीस बापू गोखले पडला. ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमाच्या स्वाधीन झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिक प्रांतांत अहिरगांवीं कॅप्टन स्वॉन्स्टनानें त्र्यंबकजीस पकडलें.

धनी व चाकर दोघेही उत्तरेस गंगातीरीं गेले. बाजीराव कानपुराजवळ ब्रह्मावर्तास राहिला. त्यास सालीना ८ लाख रुपये मिळत, आणि १८५१ च्या जानेवारींत तो वारला तोंपर्यंत ते मिळत गेले. आमच्या व्यापारी वाचकांनीं गुणाकार करून पाहावा. रकम अडीच कोटींच्या वर जाते. त्र्यंबकजी त्याच नदीवर, प्रयागाच्या खालीं, काशीजवळच्या चुनारगडावर कैदेंत राहिला. १८२४ सालीं बिशप हेबर तेथें गेला तेव्हां त्याच्यावरील पहारा अजून कडकच होता. धन्यानें आपल्या नेमणुकींतून त्याच्या सुटकेसाठीं कांहीं खटपट केल्याचें आमच्या वाचण्यांत नाहीं. १८२९ सालीं तो त्या गडावरच मेला, खटल्यावांचून, अकरा वर्षांच्या कैदेनंतर.

निमगांव जाळीस त्याचा वाडा आहे. संगमनेराकडे ज्यांचें जाणें होतें त्यांनीं वाट थोडी वांकडी करून तो पाहून यावा, आणि परत आल्यावर विश्रामबागेसमोरून जातांना दोन्ही वास्तूंच्या खर्चाचा हिशेब एकदां मनांत मांडून पाहावा.